विश्लेषण : ‘काय चाललंय सध्या?’ – ‘काही नाही!’ किशोरवयीन मुलांच्या या उत्तरामागे काय दडले आहे?

दहावी-अकरावीच्या वळणावर मुलांचे मित्र पांगतात, छंद थांबतात आणि घरातले बोलणे टक्क्यांपुरते उरते. याचा दोष मोबाइलला देणे सोपे आहे. पण मुलांच्या दिवसातून आधी काय काढून घेतले गेले, याचा हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते.

मे महिन्यातली दुपार. सुट्टीसाठी मामाकडे आलेला सोळा वर्षांचा भाचा सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला असतो. मामा विचारतो, ‘‘काय मग, काय चाललंय सध्या?’’ उत्तर येते, ‘‘काही नाही.’’ ‘‘मित्रमंडळी काय म्हणतात?’’ ‘‘ठीक.’’ ‘‘तबला सुरू आहे ना?’’ ‘‘नाही, बंद केला. दहावी होती ना.’’ मग मामा शेवटचा प्रश्न टाकतो, ‘‘किती टक्के पडतील?’’ या प्रश्नाचे उत्तर मात्र आई सविस्तर देते.

हा संवाद थोड्याफार फरकाने घरोघरी होतो. त्यानंतर मोठ्यांचा निष्कर्षही ठरलेला असतो : हल्लीची मुले बोलतच नाहीत. पण त्या मुलाने खोटे सांगितलेले नसते. सांगण्यासारखे काही घडायला जो मोकळा वेळ लागतो, तो त्याच्या वर्षभराच्या वेळापत्रकात नव्हताच. ‘काही नाही’ हा बहुतेक वेळा उद्धटपणा नसतो. तो वर्षाचा खरा अहवाल असतो.

‘या वर्षी नको’ची सुरुवात कुठे होते?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी १५ लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पण तिची तयारी नववीचा शेवटचा पेपर संपताच सुरू होते. अनेक खासगी क्लासमध्ये दहावीची ‘व्हेकेशन बॅच’ एप्रिलमध्येच भरते. म्हणजे पहिला बळी जातो तो नववीनंतरच्या उन्हाळी सुट्टीचा. जूनपासून सकाळी किंवा दुपारी शाळा, संध्याकाळी क्लास आणि रविवारी टेस्ट. दिवाळीच्या आसपास अभ्यासक्रम संपवायचा आणि नंतर सराव परीक्षांची रांग.

या वेळापत्रकात बाकीच्या गोष्टी एकेक करून गळतात. गणपतीत सोसायटीच्या नाटकात काम? या वर्षी नको. शाळेच्या कबड्डी संघात निवड? या वर्षी नको. चुलत भावाच्या लग्नाला चार दिवस आधी जायचे? या वर्षी नको. प्रत्येक नकार सुटा पाहिला तर वाजवी वाटतो. सगळे एकत्र केले की त्या मुलाचे ते वर्षच नाहीसे झालेले दिसते.

यामागे घरातले एक वचन असते, ‘एकच वर्ष कळ काढ, मग काय करायचे ते कर.’ खरी अडचण इथे आहे. दहावी संपते आणि अकरावीत नीट, जेईई किंवा सीईटीची तयारी सुरू होते. काही ठिकाणी तर दहावीचा निकाल लागण्याआधीच तिचे वर्ग भरतात. एक वर्ष म्हणून मागितलेला वेळ तीन वर्षांचा होतो. पंधरा ते अठरा हे वय त्यात संपते. मुले वचन पाळतात, मोठ्यांकडून ते मोडले जाते.

‘एनसीईआरटी’ने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात देशभरातील सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले होते. त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे असल्याचे सांगितले. माध्यमिक टप्प्यावर गेल्यावर विद्यार्थ्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान कमी होते, असेही त्यातून दिसले.

छंद नेमका कसा सुटतो?

महाराष्ट्रात मध्यमवर्गीय घरात छंदाला एक ठरलेली वाट असते. चित्रकलेची आवड असेल तर आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. गाणे, तबला किंवा कथक असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका, पुढे मध्यमा. वाट चांगली आहे. तिने खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही शिस्तशीर शिक्षण मिळवून दिले. पण तिच्यावर चालणाऱ्यांची संख्या दहावीच्या दारात अचानक रोडावते, हे कोणत्याही संगीत शिक्षकाला विचारले तरी कळेल. प्रमाणपत्रे फाइलमध्ये जातात, तबल्यावर गवसणी चढते आणि रंगांच्या ट्यूबा वाळून जातात.

सुटलेला छंद काही महिन्यांनी पुन्हा धरता येतो, असे मोठ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो परत धरणे अवघड असते. रोज अर्धा तास रियाज करणारा मुलगा वर्षभराने तबल्यावर बसतो, तेव्हा कानाला जे हवे असते ते हाताला जमत नाही. सोबत शिकणारे पुढे गेलेले असतात किंवा तेही सोडून गेलेले असतात. लहान मुलांच्या तुकडीत बसायची लाज वाटते. म्हणून तो म्हणतो, ‘आता इंटरेस्ट नाही.’ हे वाक्य आवड संपल्याचे वाटते, पण अनेकदा ते फक्त संकोच लपवत असते.

मैदानाचेही तेच. ५ ते १७ वयोगटातील मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१६ च्या आकडेवारीवर आधारित तिच्या अभ्यासानुसार जगभरातील ११ ते १७ वर्षांची सुमारे ८१ टक्के मुले-मुली तेवढी हालचाल करत नव्हती. शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी बसून जाणाऱ्या मुलाचा या ८१ टक्क्यांत समावेश न होणे कठीणच.

वाढीव गुणांमुळे छंद वाचतो का?

काही प्रमाणात वाचतो. दहावीच्या निकालात क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय संगीत, नृत्य आणि लोककला यांसाठी वाढीव गुण मिळण्याची सोय राज्यात आहे. त्यामुळे ‘चित्रकलेने काय होणार’ असे म्हणणाऱ्या पालकांनीही मुलांना परीक्षेला बसवले. लोककलेत रमणाऱ्या मुलांना शाळेत पहिल्यांदा किंमत मिळाली. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही.

पण गुणांसाठी धरलेला छंद गुण मिळाल्यावर सुटतो, ही त्याची दुसरी बाजू. इंटरमिजिएटची श्रेणी हाती आली की चित्रकलेचा ‘उपयोग’ संपतो. छंदाचे खरे काम वेगळे आहे. तो मुलाला अशी एक जागा देतो जिथे चुकले तरी टक्के कमी होत नाहीत. ज्या वयात प्रत्येक गोष्टीला श्रेणी आहे, त्या वयात श्रेणी नसलेली एक तरी गोष्ट असणे ही चैन नाही. सराव परीक्षेत कमी गुण पडले, त्या संध्याकाळी ‘मी आणखी काहीतरी आहे’ हे त्या मुलाला त्याच जागेमुळे ठाऊक असते.

मैत्रीला किती तास लागतात?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यावर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतपत जवळीक यायला ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असे आढळले. हे निष्कर्ष अमेरिकेतील प्रौढ आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत. आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण त्यातला एक मुद्दा इथेही पटतो. केवळ एका खोलीत शेजारी बसून काम केल्याचे तास मैत्रीत फारसे धरले जात नाहीत. गप्पा, खेळ, थट्टामस्करी यांचे तास धरले जातात.

आता शाळेचा हिशेब करू. मधली सुट्टी रोज अर्धा तास आणि शाळा वर्षाला दोनशे दिवस धरली, तर एका वर्षात शंभर तास होतात. पाचवी ते दहावी एकाच तुकडीत गेलेल्या दोन मुलींनी केवळ डब्याच्या निमित्ताने सहाशे तास एकत्र काढलेले असतात. सायकलवरून जाणे-येणे, स्नेहसंमेलनाची तालीम आणि सहल वेगळीच. ही मैत्री कुणी ठरवून केलेली नसते. रिकाम्या वेळात ती आपोआप वाढते.

क्लासच्या बॅचमध्ये दीडशे मुले असतात, पण मधली सुट्टी नसते. वर्ग सुटला की पुढची बॅच दारात उभी असते. तिथे ओळखी होतात. पन्नास तासांचा टप्पाही अनेकदा ओलांडला जात नाही.

अकरावीत जुना गट का फुटतो?

दहावीनंतर मुलांना पहिल्यांदाच एकाच वेळी सगळे मित्र दुरावतात. कुणी विज्ञान, कुणी वाणिज्य, कुणी आयटीआय, तर कुणी पदविका घेतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत काही मोठ्या महापालिका क्षेत्रांपुरती होती. पसंतीक्रमात दहापर्यंत महाविद्यालये भरायची आणि गुणांनुसार मिळेल तिथे जायचे. गुणवत्तेने प्रवेश मिळणे न्याय्यच आहे. पण ‘आपण एकाच कॉलेजात जाऊ’ हे तीन मैत्रिणींनी ठरवलेले असते, ते चार-पाच टक्क्यांच्या फरकाने मोडते. घरी त्याचे दुःख कुणी मोजत नाही, कारण चांगले कॉलेज मिळालेले असते.

पूर्वी ही भर कॉलेजच्या कट्ट्यावर निघायची. आता अकरावीचा प्रवेश अनेकांसाठी कागदोपत्री असतो. महाविद्यालय एकीकडे आणि प्रत्यक्ष शिकवणी क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था शहरांतून तालुक्यांपर्यंत पोहोचली आहे. लातूरला शिकायला येणारी मुले तर घरही सोडतात. सोळाव्या वर्षी घर, शाळा, मित्र आणि मैदान एकाच जूनमध्ये सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांविषयीच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, १३ ते २९ वयोगटातील १७ ते २१ टक्के व्यक्तींना एकटेपणा जाणवतो. त्यातही किशोरवयीनांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. एकटेपणा हा म्हातारपणाचा प्रश्न, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

मुलींची गोष्ट वेगळी आहे का?

बऱ्याच अंशी. मुलगा दहावीनंतरही संध्याकाळी तासभर नाक्यावर किंवा टर्फवर जाऊ शकतो. मुलीच्या बाबतीत ‘कुणाबरोबर, कुठे, किती वाजता परत’ हे तीन प्रश्न पार करेपर्यंत संध्याकाळ संपते. आठवीपर्यंत खो-खो खेळलेली मुलगी नववीत मैदानावरून घरी येते ती परत न जाण्यासाठीच. त्यात स्वयंपाकघरातली मदत आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास तिच्याकडेच असतो.

ग्रामीण भागात एसटीच्या वेळा यात भर घालतात. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजसाठी एसटीचा मोफत पास मिळतो आणि त्यामुळे अनेकींचे शिक्षण सुरू राहिले. पण परतीची गाडी दुपारी असेल, तर कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींबरोबर थांबणे, संघात खेळणे किंवा नाटकाच्या तालमीला जाणे शक्य नसते. अशा मुलींची मैत्री एसटीच्या त्या तासाभराच्या प्रवासातच घडते. म्हणून ती त्यांना इतकी मोलाची असते.

मग मोबाइलचा दोष नाही का?

आहे, पण तो एकटा नाही. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे दिसले. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो शैक्षणिक कामासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. रात्री उशिरापर्यंतचे रील्स झोप खातात. दुसऱ्यांच्या सहलीचे फोटो पाहून आपण मागे पडल्याची बोच लागते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घातली, ती याच काळजीतून.

तरीही क्रम लक्षात घ्यायला हवा. बहुतेक घरांत आधी मैदान गेले, मग तबला गेला, मग मित्र गेले आणि उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत मोबाइल आला. टेस्ट आणि क्लासच्या मधल्या वेळात मैदानावर जाता येत नाही, रील मात्र पाहता येते. ‘दहावी ब’चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रात्री दहाला चौघांनी मिळून खेळलेला ऑनलाइन गेम, स्नॅपचॅटवर न तुटू दिलेली ‘स्ट्रीक’, हे सगळे पांगलेला गट धरून ठेवण्याचे प्रयत्नही असतात. संध्याकाळी बाहेर पडू न शकणाऱ्या मुलीसाठी तो एकमेव कट्टा असतो. फोन काढून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर मुलाच्या हाती पुन्हा ‘काही नाही’च उरते.

नियम काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात सहभाग हा मुलांचा हक्क मानला आहे. १८ वर्षांखालील प्रत्येकाला तो लागू होतो आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत पाडण्याची भाषा करते. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यानुसार १६ वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नसावेत आणि आठवड्याची सुट्टी असावी.

कागदावर मुलाच्या रिकाम्या वेळेला संरक्षण आहे. प्रत्यक्षात रविवार हाच टेस्टचा दिवस असतो.

पालकांचे चुकते कुठे?

पालकांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. २०२५ मध्ये ‘नीट’ला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कातला फरक लाखांचा आहे. कर्ज काढून क्लासची फी भरणाऱ्या बापाला ‘मुलाला तबला वाजवू द्या’ हा सल्ला चेष्टा वाटू शकतो. त्याची भीती खरी आहे.

पण हिशेब त्यानेही पूर्ण करायला हवा. २२ लाखांतील बहुसंख्य मुलांना ती जागा मिळणार नाही, हे आकडेच सांगतात. मग त्या मुलांच्या हाती काय राहते? जिवलग मित्र असेल, मनापासून येणारी एखादी गोष्ट असेल, तर अपयश पचवायला आधार मिळतो. तेही काढून घेतले असेल, तर निकालाच्या दिवशी ते मूल रिकाम्या हातांनी उभे असते. छंद आणि मैत्री यशाच्या आड येतात, हे क्षणभर मान्य केले तरी अपयशाच्या वेळी त्यांच्याशिवाय दुसरे काही उपयोगी पडत नाही. आणि अपयश बहुसंख्यांच्या वाट्याला येणार आहे.

घरात काय बदलता येईल?

परीक्षा पद्धत एका घराला बदलता येत नाही, पण रोजचा एक तास वाचवता येतो. तो मागून मिळालेला किंवा गुणांवर अवलंबून नसावा. ‘नव्वद पडले तर गिटार’ या अटीत गिटार पुन्हा परीक्षाच होते. छंदाची परीक्षा या वर्षी नको असेल तर देऊ नये, वाजवणे मात्र थांबवू नये. आठवड्यातून दोनदा अर्धा तास बसले तरी हात सुटत नाही.

मित्रांना घरी येऊ द्यावे. शहरातल्या लहान घरात हे अवघड आहे, पण चौघांना चहा आणि पोहे देऊन तासभर गॅलरीत बसू देणे हा मैत्रीच्या तासांतला सर्वात स्वस्त तास आहे. अकरावीचे पहिले दोन-तीन महिने जुन्या मित्रांची भेट आवर्जून घडवावी, कारण नवे मित्र अजून व्हायचे असतात. मुलीच्या बाबतीत ‘नको’ म्हणण्याआधी सोबतीची आणि परतीची सोय लावता येते का, हे पाहावे.

आणि प्रश्न बदलावेत. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर आहे. ‘तो तुझा गोलकीपर मित्र हल्ली कुठे असतो?’ या प्रश्नाला नसते. नावानिशी, आठवण ठेवून विचारलेल्या प्रश्नात आपले लक्ष आहे, हे मुलाला कळते. उत्तर लगेच येईलच असे नाही. ते गाडी चालवताना, भाजी निवडताना, रात्री दिवे मालवल्यावर येते. तेव्हा त्यात टक्क्यांचा विषय काढू नये.

‘काही नाही’ कधी काळजीचे असते, हेही ओळखायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, मित्रांचे फोनही उचलले जात नसतील, जगण्याविषयी निराशेचे बोलणे येत असेल, तर वाट पाहू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. पालकही त्यावर बोलू शकतात.

बाकी बहुतेक घरांत एवढा मोठा उपाय लागत नाही. पुढच्या सुट्टीत भाचा येईल तेव्हा मामाने टक्के विचारू नयेत. माळ्यावरचा तबला काढावा, धूळ पुसावी आणि मुलासमोर ठेवून स्वतः स्वयंपाकघरात निघून जावे. पहिल्या दिवशी तो हात लावणार नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. पण तेवढा वेळ त्याला आधी कुणी दिलेला नव्हता.